गोदाने लिहिलेलं लाल फाटक

अठ्ठ्याण्णव साली वर्तकनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गोदाने नवाकोरा मोडेम जोडला आणि इंटरनेटवरच्या एका जुन्या मराठी ग्रुपात शिरली. तिथली रीत ठरलेली होती. नव्या माणसाने आपल्या खिडकीतून काय दिसतं ते लिहायचं, मगच जुने लोक बोलणार.

गोदा मुळात संशयी. अनोळखी माणसांना घराचा पत्ता कशाला लागू द्यायचा? तिच्या खिडकीसमोर हातभरावर शेजारच्या बिल्डिंगची कोरी भिंत होती. तिने ठोकून दिलं, 'लाल फाटक दिसतं. कुलूप लावलेलं.'

ग्रुपातल्या सगळ्यांत जुन्या दामाजीकाकांचं उत्तर आलं, 'ये गं पोरी. रंग ओला दिसतोय फाटकाचा.'

म्हातारा थापेला थाप जोडतोय, गोदा मनात म्हणाली. दुसऱ्या दिवशी घरात ताज्या रंगाचा वास आला. तो तिने शेजाऱ्यांवर ढकलला.

चौथ्या दिवशी भर दुपारी काकांनी विचारलं, 'कुलूप तू काढलंस का गं?'

खाली एकेका जुन्याने लिहिलं होतं, 'मी नाही काढलं.'

गोदाने पडदा सारला. समोरच्या भिंतीत, तिच्याच खिडकीच्या उंचीवर, लाल फाटक सताड उघडं होतं.