आगीचा कागद

मधुकररावांनी दप्तराच्या खोलीची चावी नलूबाईच्या हाती दिली खरी, पण दारातच खुर्ची टाकून बसले. जिनिंग फॅक्टरीचा मालक, सत्तरीचा माणूस, चार दिवस धूळ खात तिथून हलला नाही. काम त्यांच्या मुलानं परस्पर ठरवलं होतं आणि म्हाताऱ्याला ते मुळीच पसंत नव्हतं.

फॅक्टरीच्या पन्नाशीचा समारंभ तोंडावर आला होता. स्मरणिकेसाठी इतिहास नलूबाई लिहून देणार होती. धंदाच तिचा तो. बहात्तर साली रोहण्याच्या सोसायटीचे वाळवी लागलेले कागद तिनं लावून दिले, तेव्हा लोक तिला रद्दीवाली म्हणून हसले होते. आता चौऱ्याऐंशीत आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत कुणाला जुनं दप्तर लावायचं असलं की तिलाच बोलावणं येई. हाताखाली तीन बाया होत्या, एसटी स्टँडसमोर पाटी होती.

पण खरं सांगायचं तर हा सारा खटाटोप तिनं या एका खोलीसाठी मांडला होता. तिचा बाप कवडूजी इथंच फिटर होता. एकावन्न साली कापसाच्या गंजीला आग लागली, खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि नोकरी गेली. रोहण्यात मजुरी करत तो मेला, पण आगीबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. आगलाव्याची पोर, हे ऐकतच नलू मोठी झाली. मालकानंच बापाचं तोंड बंद केलं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चौकशीचा कागद शोधायचा आणि स्मरणिकेत जसाच्या तसा छापायचा, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, तेव्हा आपण कोण हे म्हाताऱ्याला ठाऊक नाही, असं ती धरून चालली होती.

म्हातारा मात्र रोज खोदून विचारी, आगीचं काही सापडलं का. ती मान हलवून नाही म्हणे. चौथ्या दिवशी त्यांनी तिला चहा पाजला आणि सुचवलं, की ते एक वर्ष गाळूनच लिहा, फॅक्टरीचं सगळं दप्तर कायमचं तुमच्याकडे सोपवतो. नलूबाईचा संताप संताप झाला. ती उठून पुन्हा कामाला लागली.

पाचव्या दिवशी दुपारी कपाटामागं पडलेलं एक पुडकं तिच्या हाती लागलं. वर शाईनं लिहिलं होतं, आग, चौकशी, १९५१.

मधुकरराव उठून उभे राहिले.

"ते ठेवून द्या, बाई. वाचू नका."

"काऊन? कायचं भेव वाटून राह्यलं तुम्हाले?"

"मी एका माणसाले शब्द देला होता. तेहतीस वर्सं पाळला."

"तुमचा शब्द, अन् बदनामी माह्या बापाची."

बाप म्हटल्यावरही म्हातारा चमकला नाही. तो खाली मान घालून खुर्चीत बसला.

नलूबाईनं दोरी सोडली. चौकशीच्या कारकुनानं कवडूजीचा जबाब इमानेइतबारे, शब्दन्‌शब्द उतरवून घेतला होता.

'गंजी म्याच पेटवली असं लिहा, साहेब. माही नलू चार वर्साची हाय. माह्या मागं मागं आलती, काडी तिनं ओढली, हे कुठीच लिहू नका.'