बिनकाट्याचा गळ

डोंगरामागून आलेले ऊन आधी धरणाच्या पाण्यावर उतरले, मग काठच्या भातखाचरांवर, मग ओसरीच्या पायरीवर. पायरीवर ते बराच वेळ थांबले. नंतर सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू सरकत पाटापर्यंत आले, आणि पांढऱ्या कागदावर मांडलेले गळ एकेक करून उजळू लागले. हे ऊन तिरपे असते. त्यात उष्णता नसते, घाईही नसते. पोलादाच्या बारीक तारेवर कारागिराची कानस कोठून कोठे फिरली, ते फक्त याच उन्हात दिसते. समर्थ त्यासाठी रोज लवकर उठून बसे.

गळ जपानी होते, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचे. धरणावर मासेमारीच्या छंदापायी येणाऱ्या नाशिकच्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने ते त्याच्या वडिलांना, सहादेवआप्पांना, डब्यासकट देऊन टाकले होते. आप्पा त्यांच्यावर कोंबड्याची पिसे रेशमाने गुंडाळून खोट्या माश्या बांधत. मासा त्यांना किडा समजून झेप घेई. पुण्याच्या रोहिणीताई अशा जुन्या गळांची नोंद करत होत्या, आणि समर्थ त्यांना माहिती पाठवी : दोरा ओवायचे नेढे वर वळलेले की खाली, दांडी आखूड की लांब, बाक गोल की चौकोनी, रोगण काळे की तपकिरी. आप्पा आले की त्यांना सारे वाचून दाखवायचे, असे त्याने ठरवले होते.

दसऱ्याच्या सुमारास आप्पा ट्रकच्या ट्यूबवर बसून पाण्यात गेले होते. ट्यूब काठाला लागली. आप्पा लागले नाहीत. ते पोहून पलीकडे गेले असतील आणि तिथून घोटीला आत्याकडे, असे समर्थ विचारणाऱ्याला सांगे. ऐकणारा मान हलवी आणि भाताच्या कापणीविषयी बोलू लागे.

दिवाळी उलटल्यावरच्या त्या सकाळी गावचे पोलीस पाटील आबासाहेब ओसरीवर आले. जीप त्यांनी रस्त्यावरच उभी केली होती. त्यांनी आधी पाणी मागितले, मग खिशातून काड्यापेटी काढून पाटावर ठेवली. पाणी उतरले तसे बुडालेल्या झाडांत अडकलेले एक प्रेत मोकळे झाले होते. ते राजूरच्या दवाखान्यात नेले होते. चेहरा ओळखण्याजोगा राहिला नव्हता. अंगात बनियन होते, तसे साऱ्या तालुक्याच्या अंगात असते. कमरेच्या करदोट्यात मात्र एक गळ अडकवलेला होता. ओळख पटली तर प्रेत घरच्यांच्या ताब्यात मिळेल. नाही तर दुपारी बेवारस म्हणून त्याची विल्हेवाट लागेल. हे सगळे आबासाहेबांनी पेरणीची माहिती द्यावी तसे सांगितले.

"तुला गळातलं कळतंय," ते म्हणाले. "बघ."

समर्थने काड्यापेटी उघडली. गळ उन्हात धरला. भिंग लावले.

"जपानी आहे," तो म्हणाला. नेढे खाली वळलेले, दांडी लांब, बाक गोल, रोगण तपकिरी, असे त्याने शांतपणे एकेक सांगितले. आवाज कोठेही अडला नाही. आबासाहेब ऐकत राहिले. मग त्यांनी गळाच्या टोकाकडे बोट केले. मासा सुटू नये म्हणून तिथे एक उलटा काटा असतो. या गळाला तो नव्हता.

"गंजून झडला आहे," समर्थ म्हणाला.

आबासाहेबांनी गळ आपल्या तळव्यावर घेतला.

"गंज लई शहाना दिसतोय. बाकी कुटंच लागला न्हाई."

समर्थ लहान असताना एक गळ त्याच्या तळहातात रुतला होता, आणि काट्यामुळे तो राजूरच्या डॉक्टरांना कापूनच काढावा लागला होता. त्या दिवसापासून आप्पा हाती येईल त्या गळाचा काटा पक्कडीने दाबून सपाट करत. लागलेले मासे निम्मे सुटत. सहादेव मासे धरत नाही, त्यांना चहाला बोलावतो, असे सारे गाव म्हणे. सगळ्यांत आधी ते आबासाहेबच म्हणाले होते. पंचक्रोशीत असा गळ दुसऱ्या कोणाच्या कमरेला असणे शक्य नव्हते.

"बरं," आबासाहेब उठत म्हणाले. "मग बेवारस म्हनून सांगतो."

तेवढ्यात समर्थच्या आई, मुक्ताबाई, आतून आल्या. त्यांनी चुलीतला जाळ विझवला होता, डोक्यावरून पदर घेतला होता. त्यांनी गळाकडे पाहिलेही नाही. पायरीखालच्या चपला पायात घातल्या.

"तू तुजं लिवत बस," त्या समर्थला म्हणाल्या. "मी जाते जीपमदी. मी बघते."

"वहिनी, तुमाला बघवनार न्हाई ते," आबासाहेब म्हणाले.

"मंग कुनी बघायचं?"

त्या पायरी उतरून चालू लागल्या. ऊन आता पाटावरून पुढे सरकले होते आणि कागदावरच्या गळांना सावल्या उरल्या नव्हत्या. समर्थने काड्यापेटी मिटली. तो उठला, आईच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"तू थांब, आई. मी जातो." मग तो आबासाहेबांकडे वळला. "काटा झडलेला नाही, आबा. पक्कडीने दाबलेला आहे."

आबासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"पोहून पलीकडं गेल्यात म्हनत हुतास," ते पाण्याकडे पाहत म्हणाले.

"आप्पांना पोहायला येत नव्हतं."