किलोभर चीज

“किलोभरच आण,” पलंगावरून इन्साफ म्हणाली.

तिची सून विजदान चपला घालता घालता थांबली. “आई, किलोत चारच पेले होतात. आपल्याला पाच लागतात.”

“मला शिकवतेस? तुझे दुधाचे दात पडले नव्हते, तेव्हापासून मोजतेय मी.”

विजदान हसली. सव्वा किलोच आणायचं, तिनं मनाशी ठरवलं.

रमजानच्या पहिल्या संध्याकाळी इजिप्तमधल्या दुमयातच्या त्या कोळीवाड्यात घरोघरी चीजचे सांबुसक, म्हणजे छोटे समोसे, तळत. या घरात माणशी एक पेला चीज असं माप होतं. समुद्रावर गेलेल्याचाही पेला भरायचा आणि त्याच्या वाटचे सांबुसक शेजारी द्यायचे.

म्हणून विजदानच्या नवऱ्याचा, रिफअतचा, पेला भरायलाच हवा होता. हिवाळ्यात त्याची होडी बुडाली. विजदाननं आणि सासरे बय्यूमी यांनी त्याला गुपचूप दुसऱ्या गावी दफन केलं. त्याच्या आईचं हृदय हे सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इन्साफला सांगितलं, मुलगा लांबच्या बोटीवर गेलाय, ईदला येईल. सगळ्या गल्लीनं तोंड शिवून घेतलं. विजदान घरात शोकाचे काळे कपडे टाळून रंगीत घाले, आणि न्हाणीघरात नळ सोडून रडे.

चीज आलं. फडक्यात टांगून त्याचं पाणी निथळलं. इन्साफनं नातीला, नदाला, पलंगावर बसवून घेतलं आणि पोचे आलेला जर्मनचा पेला तिच्या हातात दिला.

“आधी मोकळा भर. दाबू नकोस.”

“भरला.”

“आता बोटांनी दाब.”

चीज खाली बसलं. वर जागा झाली.

“बघ. पेला तोच, पण आता त्यात आणखी मावतं. मोकळे भरलेस तर किलोत पाच पेले होतात, दाबून भरलेस तर चार. म्हणून कुणी पेला म्हणालं, की आधी विचारायचं, कसा भरलेला?”

“आपण कसा भरतो, आजी?”

“दाबून. घरच्या माणसाला कुणी मोकळा पेला देतं का?”

“मलाही जन्मभर असंच दाबून ठेवलंय हिनं,” कोपऱ्यातून बय्यूमी पुटपुटले.

“तरी उतू जाताच की.”

पीठ लाटता लाटता विजदानला हायसं वाटलं. आईंनी बाजाराला धाडताना मोकळ्या पेल्यांचा हिशेब धरला असणार, म्हणून किलो. वय झालं आता, गोंधळ व्हायचाच.

नदा एकेक पेला दाबून परातीत पालथा करत होती. “हा आजोबांचा. हा आजीचा. हा आईचा. हा माझा.”

उरलेलं चीज विजदाननं स्वतः पेल्यात भरलं. तिनं ते जरा जास्तच जोरानं दाबलं. “आणि हा तुझ्या बाबांचा.”

बय्यूमी खिडकीबाहेर बघू लागले.

“नदा,” इन्साफ म्हणाली, “पळ, शेजारून पुदिना घेऊन ये.”

पोर गेली. दार लोटलं गेलं.

इन्साफनं सुनेच्या हातातून पाचवा पेला काढून घेतला आणि त्यातलं चीज परत फडक्यात उलटं केलं. मग उशीखाली हात घालून एक काळी ओढणी काढली. ती चुरगळलेली होती, वापरून वापरून मऊ पडलेली. तिनं ती विजदानच्या डोक्यावर नीट पसरली.

“किलोभरच सांगितलं होतं ना, पोरी.”