सोमी एकच

बायजीला वाचता येत नव्हते. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे न पाहता प्रगतीच्या तोंडाकडे पाहत होती.

"सोमी आहे, मावशी," प्रगती म्हणाली. "सुखरूप. गाव कैनाड."

"ती आमची नाय. आम्ही उपलाटचे."

सकाळच्या भूकंपाच्या धक्क्याने तलासरीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाची भिंत कोसळली होती. मुलींना मिळेल त्या वाहनाने आसपासच्या शाळांत हलवले होते. फोन लागत नव्हते. शिक्षक प्रत्येक मुलीचे नाव, बापाचे नाव आणि गाव लिहून संदेश तेवढे पाठवत होते. चारोटीच्या नाक्यावर जतीनभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात हे संदेश एकमेकांना चिकटून एकाच लांबलचक मजकुरात जमा होत होते. प्रगती तिथेच कामाला होती. तिने घाईने लिहिलेला पीएचपीचा प्रोग्राम त्या मजकुरातून मुलींची नावे वेचून पडद्यावर मांडत होता.

बायजी नाक्यावर भाजी विकायला बसली होती. तिची मुलगी सोमी त्याच वसतिगृहात राहत होती; भिंत पडल्याचे ऐकले तशी ती टोपली टाकून धावत आली होती.

"परत बघ गं. पोरगी लाजाळू हाय. मागं राहिली असंल."

प्रगतीने पुन्हा पाहिले. सोमी एकच होती.

"अजून संदेश येतायत," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

बायजी खाली बसली. "मेली असंल तर सांग. लपवू नको."

"तसं नाही, मावशी. थांबा, सगळी नावं वाचते. सोमी. मंगळी. बुधी. सुकरी..."

वाचता वाचता ती थांबली. प्रत्येक नाव एकदाच आले होते; जणू वसतिगृहात आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेकच मुलगी जन्मली होती.

"जतीनभाई, आपण काय करून बसलो!"

"काय केलं?"

"तुम्ही म्हणालात, एकच मेसेज दहा जण पुढे ढकलतात, पान उगाच भरतं. म्हणून मी प्रोग्रामला आलेलं नाव पुन्हा आलं की गाळायला सांगितलं."

"मग बरोबरच आहे ना? आमच्या अख्ख्या फळियात, सगळ्या गल्लीत, जतीन मी एकटा."

"आम्हा आदिवासींत सोमवारी जन्मली ती सोमी. माझी आत्या सोमी, शेजारीण सोमी."

"आणि हे तूच विसरलीस? शाब्बास!"

 प्रगतीने प्रोग्राममधली ती एक ओळ बदलली. नाव, बापाचे नाव आणि गाव, तिन्ही जुळली तरच गाळायचे. एरवी आले तितके सगळे ठेवायचे. मग तिने तो सगळा मजकूर पुन्हा पहिल्यापासून वेचायला लावला.

पान खाली खाली वाढत गेले. सोमी. सोमी. पुन्हा सोमी. प्रगतीचे बोट पडद्यावरून उतरत एका ओळीशी थांबले.

"बापाचं नाव काय, मावशी?"

"काकड्या."

"सोमी काकड्या, उपलाट." प्रगतीने श्वास सोडला. "सुखरूप आहे."

बायजीने पदराने तोंड पुसले.  मग म्हणाली, "जेवली का, ते लिवलंय?"

"ते नाही लिहिलं."

"जेवली असंल. खायाला नाय लाजत."

जतीनभाई मोठ्याने हसले, आणि मग बायजीही. हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी येत राहिले.

तेवढ्यात बाहेर एक जीप थांबली. डोंगराकडच्या वाड्यांतल्या बायका तिच्यातून उतरल्या आणि कोणाला विचारावे ते न कळून रस्त्याच्या कडेलाच घोटाळल्या. बायजी उठली. प्रगती काही म्हणायच्या आत ती दारात जाऊन उभी राहिली.

"सोमीची आय कोण हाय तुमच्यात?" तिने हाक दिली. "या, या! हाय ती!"

चौघीजणी एकदम धावल्या.