पूर्ण मूठ

"पूर्ण मूठ वळायची," सुपरवायझर म्हणाला. "साहेबांना तसंच बघायचंय."

तिच्या हातात घडीचा शिकारी चाकू होता, उघडलेला, नवऱ्याने आत्ताच बसवून दिलेला. समोर लाकडाचा ठोकळा. पात्याची बोथट पाठ त्यावर दोनदा जोरात ठोकायची, एवढंच तिचं काम. उघडं पातं अडवून धरणारा खटका नीट बसला असेल तर पातं जागचं हलत नाही. नसेल तर ते फटकन मिटतं, आणि मिटताना त्याच्या वाटेत बोटं असतात.

हे चाकू जन्माने परदेशी. तिकडच्या कंपनीने तिकडचा कारखाना बंद केला आणि काम इकडे दिलं. खोक्यावर अजून तिकडचंच जंगल आणि तिकडचंच शिंगांचं हरीण. इथल्या खोलीत कुणी उंदरापलीकडे शिकार केलेली नव्हती, पण पद्धत मात्र तिकडची, जशीच्या तशी. पात्याला धार आधी लावायची आणि खटका मागून बसवायचा. धारदार पातं हातात असलं की बसवणारा जपून बसवतो म्हणे. ठोकताना हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोज्यातून खटका कळत नाही. एकाने बसवायचा, दुसऱ्याने ठोकायचा. या टेबलावर बसवणारा नवरा होता आणि ठोकणारी बायको. लोकांना तेवढंच निमित्त पुरायचं. घरातली ठोकाठोकी कमी पडते वाटतं, असं येता-जाता कुणीतरी म्हणायचंच.

थंडी सुरू झाली तेव्हापासून नवऱ्याचा हात थरथरत होता. कानस खटक्याच्या खाचेत नको तेवढी फिरायची आणि मधूनच एखादा खटका निसटायचा. पहिला निसटला तेव्हा तिची दोन बोटं चिरली. पदरात हात लपवून ती नळावर गेली. घरी काय सांगावं हे तिला सुचत नव्हतं, पण नवऱ्याने पट्टी बघितली आणि तोच म्हणाला, "भाजी चिरताना लक्ष कुठं असतं गं तुझं?" तिने मान खाली घातली. बरंच झालं, असं तिला वाटलं.

त्याला दुसरं काही काम येत नव्हतं. शिवाय आपल्या खटक्याचा त्याला केवढा तोरा. त्याला कोण सांगणार? तिने आपली एक युक्ती काढली. मूठ वळायचीच नाही. दांडा अंगठा आणि तळव्यात चिमटायचा, बोटं सरळ वर ठेवायची आणि तसंच ठोकायचं. खटका निसटला तर पातं हवेत मिटायचं. तो चाकू ती गुपचूप त्याच्या ट्रेमध्ये सरकवून द्यायची आणि तो नव्याने बसवायचा. वाईट चाकू तिने एकही बाहेर जाऊ दिला नाही.

आज मात्र कंपनीचा माणूस समुद्र ओलांडून आला होता आणि हातभर अंतरावर उभा होता. "ही बाई चाकू विचित्र धरते," असं तो सुपरवायझरला म्हणाला होता. तिकडे शिकारी जसा धरतो तसाच धरून ठोकलेला त्याला पाहायचा होता.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कानस पुसत होता. बिचाऱ्याला कशाचा पत्ता नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला भरून आलं. खटका निसटला तर बोटं जातील. ठोकायला नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागेल, आणि त्याचं काम जाईल. देवाचं नाव घेऊन तिने एकेक बोट आत वळवलं, मूठ आवळली आणि हात वर उचलला.

"अगं, तशी नको!" नवरा ओरडला. "बोटं वर घे, नेहमी घेतेस तशी!"

तिचा हात वरच राहिला.

नेहमी घेतेस तशी. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग सगळंच समजलं. परत आलेला प्रत्येक चाकू त्याने ओळखला होता. ती बोटं का वर घेते हे त्याला ठाऊक होतं, पट्टी कशाची तेही ठाऊक होतं. आणि तरीही रोज सकाळी टेबलापाशी बसून तो पुढचा चाकू तिच्या हातात ठेवत होता. तिला नवऱ्याची भीती वाटली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

"काय म्हणाला हा?" पाहुण्याने आपल्या भाषेत विचारलं. सुपरवायझर एकदा नवऱ्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला.

"काही नाही साहेब, काही नाही," नवरा घाईघाईने म्हणाला. मग तो तिच्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ठोक तू. साहेब सांगतात तशी धर आणि ठोक. चांगला बसलाय खटका."

"नक्की?"

"अगं, मी बसवलाय ना!"

तिने हात खाली घेतला. चाकू फिरवून दांडा त्याच्यापुढे धरला.

"मग तुम्ही ठोका," ती म्हणाली. "पूर्ण मुठीत."

नवऱ्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.