रांग थांबवू नका

"मॅडम, मागच्यासारखी तासभर रांग थांबणार असली तर आत्ताच सांगा. कॅन सावलीत घ्यायला लावतो," दूध मोजणारे दगडूतात्या म्हणाले. मागच्या खेपेला मी डेअरीचं सगळं सॉफ्टवेअर बंद करून अपडेट केलं होतं. भर उन्हाळ्यात चौदा कॅन नासले आणि अख्ख्या गावाने माझा उद्धार केला.

या वेळी मी सॉफ्टवेअरची कामं वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे 'कंटेनर'मध्ये, टाकून आणली होती; एक बदलला तरी बाकीचे चालू राहतात. वजनाचा एक कंटेनर, फॅटचा दुसरा, सभासदांचा तिसरा, चिठ्ठीचा चौथा. "काही थांबवू नका, तात्या," म्हणत मी कंटेनर चालवणारी 'डॉकर कंपोज अप' ही आज्ञा टाइप केली. एंटर दाबलं. स्क्रीनवर पहिले तीन चालूच राहिले! फक्त चिठ्ठीचा जुना कंटेनर गेला आणि दोन श्वासांत त्या जागी नवा उभा राहिला. रांगेत कुणाला पत्ताही लागला नाही. मला मात्र खुर्चीवर चढून ओरडावंसं वाटत होतं.

"मग कधी करताय अपडेट?" पुढचा कॅन ओढत तात्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच रांगेत पुढे असलेल्या ताराक्कांची दुधाची चिठ्ठी छापून आली. इतकी वर्षं इंग्रजी चिठ्ठी न बघताच कनवटीला खोचणाऱ्या ताराक्का आज जागच्या हलेनात. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी वाचलं आणि मागे वळून ओरडल्या, "अगं बया, माझं नाव हाय की गं ह्यावर! मराठीत!"

सगळे कॅन सोडून बघायला धावले. आणि रांग थांबली.