गोळीची आठवण करून देणारं यंत्र

बायको रक्तदाबाची गोळी विसरते, म्हणून निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी आठवण करून देणारं यंत्र घरीच बनवायला घेतलं. "बाबा, मोबाइलवर गजर लावा ना," जावई म्हणाला. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहा अर्धा टाकून उठला.

मग रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सुट्या भागांची निवड सुरू झाली. हा बझर नुसता कण्हतो, ती बॅटरी अल्पायुषी, तो कपॅसिटर उन्हाळा सोसायचा नाही. अखेर उणे चाळीस अंशांतही चालणारी चिप मागवली. पाकीट उघडलं, तर आत तिळाएवढा ठिपका! साहेबांनी सगळं तपासलं होतं, फक्त आकार बघायचा राहिला होता.

"हिला सोल्डर करून वायर कुठं जोडू? आता पुन्हा पहिल्यापासून निवडा!" साहेब डोकं धरून बसले. "आणि तोवर तुझ्या गोळीचं काय?"

"अहो, एकही चुकलेली नाही," गोळीवर पाणी पीत बायको म्हणाली. "सकाळी त्या बझरच्या नावानं तुमचा आरडाओरडा सुरू झाला, की मला लगेच आठवतं. तेव्हा निवडा सावकाश. घाई कसली आहे?"